कुंकू लावलेली कॅसेट

वसईकडच्या वटारला, माझ्या माहेरी, देव्हाऱ्यात देवांच्या मागे एक कॅसेट आहे. टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख आणि भिंतीला टेकवलेली कॅसेट. बाहेरच्या कुणी पाहिली की तो आधी हसतो आणि मग विचारतो, भजनाची का? भजनाची नाही. ती माझ्या हळदीची आहे, आणि माझ्या मुलीचं लग्न ठरेपर्यंत तिच्याबद्दल मलाही हसूच यायचं.

माझ्या लग्नाच्या वर्षी मामा आखातातून टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. लग्नघरात त्याने नवरीपेक्षा त्या डब्यालाच जास्त जपलं. हळदीच्या सकाळी त्याने तो मांडवाच्या खांबाशी पाटावर ठेवला, आईने गायला तोंड उघडलं तसं बटण दाबलं आणि तिचं शेवटचं कडवं संपताच बंद केलं. मग कॅसेट काढून आईच्या हातात दिली. आईने ती होती तशीच, गाणं जिथे संपलं तिथेच थांबलेली, देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. टेप मागे गुंडाळून ठेवावी असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पुढचं सगळं रामायण या एवढ्याशा गोष्टीवरून झालं.

हळदीचं गाणं आमच्या घरात साधं नसतं. पहिली कडवी आळीतल्या सगळ्या बायकांना पाठ असतात. शेवटचं कडवं मात्र नवरीच्या आईने स्वतः रचायचं आणि तिनेच म्हणायचं. त्यात आपल्या घरातलं काहीतरी यावं लागतं, विहीर म्हणा, झाड म्हणा, आणि लेकीला जे सांगायचं असेल ते. एका मुलीचं कडवं दुसरीला चालत नाही. सगळ्यात कडक नियम असा की हे गाणं मांडवाबाहेर कुणाच्या कानावर पडता कामा नये. पडलं तर ठरलेलं लग्न मोडतं, असं आमच्या बायका मानतात. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, दिवसभर रक्ताच्या नळ्यांना लेबलं चिकटवते. मी असलं काही मानत नाही. पण मानत नाही म्हणणं आणि आईच्या तोंडावर तसं वागणं यात बरंच अंतर आहे.

आम्ही दोन भावंडं, दादा आणि मी. त्यामुळे असं कडवं रचायची वेळ आईवर एकदाच आली. आणि ती कॅसेट कधीच वाजली नाही. जे म्हणायचं नाही ते वाजवायचं कसं? दादाच्या लग्नात दारात मांडव पडला, पण मुलाच्या मांडवात मुलीच्या हळदीचं गाणं वाजवत नाहीत, असं आईने सांगितलं. म्हणजे मामाने बटण बंद केलं त्यानंतर ते कडवं कुणीही ऐकलेलं नव्हतं. मला स्वतःला त्यातला एक शब्द आठवत नव्हता. माझ्या डोळ्यांत हळद गेली होती आणि मी चिडले होते, एवढंच आठवतं.

आईने कॅसेटची आबाळ केली असं मात्र कुणी म्हणू नये. दसऱ्याला आमच्याकडे कोयता, पहार, विहिरीचा पंप, दादाची स्कूटर अशी सगळ्यांची पूजा होते, तशी कॅसेटचीही व्हायची. ओलं बोट हळदीत, मग कुंकवात, मग कॅसेटवर. वर झेंडूचं फूल आणि आपट्याचं पान. वर्षाचे बाकीचे दिवस सकाळ-संध्याकाळ उदबत्तीचा धूर होताच. गावच्या देवीला मिळाला नसेल एवढा मान त्या प्लास्टिकच्या डबीला मिळाला.

दोन वर्षांपूर्वी आईच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशनच्या आधी मी मोबाइल घेऊन तिच्यासमोर बसले.

"आई, ते कडवं एकदा म्हण. मी दार लावून घेते."

"मांडव नाय, हलद नाय, कशी म्हनू?"

"अगं, परवा तुझा आवाज जाणार आहे!"

"जाऊ दे. कॅसेट हाय ना," आई म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.

आता ती गळ्याच्या भोकातून श्वास घेते. त्यावर पातळ फडका बांधलेला असतो. लिहायला-वाचायला ती कधी शिकली नाही, त्यामुळे पाटी-पेन्सिलचा उपयोग नाही. कुणाला बोलवायचं असेल तर टाळी वाजवते. बोलायचं असेल तर नुसते ओठ हलवते. मी रोज व्हिडिओ कॉल करून तिचे ओठ वाचायला शिकले. दादाला अजून धड जमत नाही. तो "काय? काय?" करतो आणि ती कपाळावर हात मारून घेते.

तेव्हापासून माझा जीव त्या कॅसेटवर टांगलेला होता. आईचा आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता. म्हणजे होता, पण असून नसल्यासारखा. मी वसईच्या एव्हरशाईन सिटीत तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि माझ्या कपाटात असल्या मेलेल्या वस्तूंचा एक डबाच आहे. मुलीच्या बारशाची सीडी आहे, त्यात आईचा पाळणा होता. तिचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटून बोटाला लागतो. मुलीच्या शाळेच्या वेळचा एक मोबाइल आहे, त्याचं मेमरी कार्ड कुठेही घातलं तरी आधी कोरं करू का म्हणून विचारतं. एक हार्ड डिस्क आहे, जोडली की आतून टकटक करते आणि गप्प होते. दरवेळी दुकानदार म्हणाला होता, आता काळजी नाही, जन्मभर टिकेल. कुणाच्या जन्मभर ते मी विचारलं नाही.

मुलीचं लग्न ठरलं. मुलगा बोरिवलीचा. आमच्या इमारतीच्या पॅसेजमध्ये मांडव घालता येत नाही, म्हणून हळद वटारला, तिच्या मामाच्या, म्हणजे दादाच्या दारात करायचं ठरलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की नवरीची आई म्हणजे मी, आणि शेवटचं कडवं मला म्हणायचं आहे. माझा गळा म्हणजे आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! लॅबमध्ये मी गुणगुणले तरी शेजारची मुलगी विचारते, मॅडम, बरं वाटत नाही का? मी परस्पर ठरवून टाकलं की मांडवात आईचीच कॅसेट लावायची. एकीचं कडवं दुसरीला चालत नाही हा नियम मी सोयीने विसरले. नातीला आजीच्या आवाजात हळद लागेल, यापेक्षा काय चांगलं? सगळ्यांना मी हेच कारण सांगितलं. खरं कारण हे होतं की मला ते कडवं ऐकायचं होतं. माझी आई माझ्यासाठी काय म्हणाली होती, ते मला एकदा तरी डोळ्यांत हळद न जाता ऐकायचं होतं.

लग्नाच्या आठवड्यात मी सुट्टी टाकून वटारला गेले. आई ओट्यावर अबोलीचे गजरे करत बसली होती. मी म्हटलं, कॅसेट नेते, दुरुस्त करून आणते, आधी एकदा वाजवून बघायला हवी.

आईने सुई खाली ठेवली. टाळी वाजवली, एकदाच आणि जोरात. मग ओठ हलले. "मांडव पडायच्या आधी नाय."

"अगं, पण आत काही उरलंय की नाही ते तरी बघू दे."

"नाय." तिने माझा हात धरून डोक्यावर ठेवला, स्वतःच्या. मांडवाआधी एक अक्षर ऐकायचं नाही, कुणाला ऐकू द्यायचं नाही, अशी शपथ तिने मला घ्यायला लावली. तिचा श्वास फडक्यातून फुरफुरत होता. मला राग आला, आणि आवाज नसलेल्या माणसाशी भांडता येत नाही याचा त्याहून जास्त राग आला. मी शपथ घेतली.

मग देव्हाऱ्यातून कॅसेट काढली आणि उजेडात धरली. वर्षानुवर्षांचं कुंकू दोन्ही चाकांच्या दातांत वाळून बसलं होतं. खालच्या फटीतून टेपचा जेवढा तुकडा बाहेर दिसतो, त्यावर लालसर चिकट थर होता. टेपच्या कडांना पांढरी बुरशी. गाणं संपलं तिथे कॅसेट थांबलेली होती, म्हणजे उघड्यावर पडलेला तो तुकडा आणि चाकावरची सगळ्यात वरची वेटोळी शेवटच्या कडव्याचीच होती. दरवर्षी दसऱ्याला आईने नेमकं तिथेच ओलं बोट टेकवलं होतं.

"अति तिथे माती म्हणतात ते हेच," मी दादाला म्हणाले. दादा म्हणाला, "हळू बोल, ऐकेल ती." ती ऐकतच होती. कान तिचे माझ्यापेक्षा तिखट आहेत.

लॅबमधल्या एका मैत्रिणीने विरारला फुलपाड्यातल्या एका माणसाचं नाव सुचवलं. लग्नाचे व्हिडिओ काढायचा, जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचा. त्याचा गाळा एका शिलाईच्या दुकानाच्या वर होता, जिना चढताना शिवणयंत्रांची घरघर पायाला लागायची. माणूस पन्नाशीचा, बोलका, आणि मला हळूहळू कळलं तसा बराच घाबरट.

"अरे बाप रे," कॅसेट पाहून तो म्हणाला. "मॅडम, हे कुंकू आहे? लोकांच्या कॅसेटमधून मी झुरळं काढली आहेत, कुंकू फर्स्ट टाइम बघतो."

"निघेल का गाणं?"

"गॅरंटी नाही देणार. एकदा चालेल. दुसऱ्यांदा चालेल असं वाटत नाही."

त्याने बारीक पेचकसाने डबी उघडली. कापूस, ब्रश, कसलंसं द्रावण. टेपची दोन्ही वेटोळी त्याने अलगद उचलून एका नव्या पारदर्शक डबीत बसवली आणि एका पेनाने हळूहळू टेप मागे फिरवायला घेतली. सुरुवातीला टेप सुटताना चरचर आवाज आला, जुनं पोस्टर भिंतीवरून सोलताना येतो तसा. त्याचा हात थांबला. मग टेप सुटली आणि पुढे मऊ फिरली.

"हा शेवटचा पार्ट चिकटला आहे," तो म्हणाला. "बाकी ठीक आहे. शेवटाला आला की कान देऊन बसायला लागेल. टेप खेचली गेली की आवाज जाड होतो, लगेच समजतं. समजलं की बंद करायचं."

मी म्हटलं, "आवाज बंद ठेवूनच करायचं आहे."

मी त्याला मांडव, हळद, शपथ सगळं सांगितलं. सांगताना मलाच लाज वाटत होती. त्याने ऐकून घेतलं, आमच्यातही असतं असं काहीतरी म्हणाला, आणि मग म्हणाला, "मग मी एकटा हेडफोन लावतो ना. तुम्ही नका ऐकू. मी तर बाहेरचा माणूस."

हीच ती घडी. शहाणपण त्याच्या बाजूला होतं. मी नळ्यांवर दोनदा नाव तपासणारी बाई, मला ते कळत नव्हतं असं नाही. पण "कुणाला ऐकू द्यायचं नाही" हे मी आईच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं होतं, आणि हाताला अजून तिच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा वास होता. लग्न मोडेल अशी भीती नव्हती. भीती ही होती की तिचा आवाज तिच्याआधी एका परक्या माणसाच्या कानात जाईल, फुलपाड्यात, शिलाईच्या दुकानावर.

"नको," मी म्हटलं. "आवाज बंदच ठेवा."

त्याने खांदे उडवले, स्पीकरची वायर काढली आणि यंत्र चालू केलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक सरळ हिरवी रेघ होती. ती थरथरली. मग ताठ झाली, फुगली, आकसली, पुन्हा फुगली. ते माझ्या आईचं गाणं होतं. मी ते बघत होते. कुठे बायका एकदम म्हणताहेत ते कळायचं, रेघ जाड व्हायची. कुठे आई एकटी आहे तेही कळायचं, तिथे रेघ बारीक आणि लांब व्हायची. दोन वर्षांत आईचा आवाज असा माझ्या समोर आला नव्हता, आणि मला ऐकू येत नव्हता. मी रडले तर हा माणूस घाबरेल म्हणून मी टेबलाची कड धरून बसले.

रेघ एकदा पूर्ण सपाट झाली. "संपलं?" मी विचारलं. "श्वास घेतला असेल," तो म्हणाला. खरंच, ती पुन्हा उठली, एकटी, बारीक. मला कळलं की हेच ते कडवं. मी पुढे वाकले. रेघ चालली, चालली, आणि मग तिच्यात काहीतरी बदललं. ती रुंद झाली, पसरट, विहिरीतल्या पाण्यावर तेल पसरावं तशी.

"हे असंच असतं का?" मी विचारलं.

तो पडद्याकडे बघत होता. मग यंत्राकडे पाहिलं आणि ओरडलाच. झटकन बटण दाबलं. झाकण उघडलं तर टेप रबराच्या चाकाला गुंडाळली गेली होती, वेटोळ्यावर वेटोळं. त्याने चिमट्याने ती सोडवायला घेतली. दोन-तीन हात टेप चुरगळून, दुमडून बाहेर आली आणि तिच्यावरचा तपकिरी लेप रबरावर राहिला. टेप तिथे काचेसारखी आरपार दिसत होती.

"आवाज चालू असता तर कळलं असतं," तो म्हणाला. त्याने ते दोष द्यायला म्हटलं नाही, घाबरून म्हटलं. पण मी त्याच्यावर अशी काही ओरडले की खालची शिवणयंत्रं थांबली. मग मी त्याची माफी मागितली. त्याने पेन ड्राइव्ह दिला, कॅसेट दिली आणि जिन्यापर्यंत सोडायला आला. पेन ड्राइव्हमध्ये किती गाणं आलंय ते त्यालाही माहीत नव्हतं, मलाही नाही. आणि मांडव पडेपर्यंत ऐकायची सोय नव्हती.

मी कॅसेट वटारला नेऊन देव्हाऱ्यात गुपचूप ठेवली. गुपचूप कसली! आई आत आली, वाकली आणि टाळी वाजली. "ही माझी नाय." जुन्या डबीवर मामाच्या हातचं लेबल होतं, ही नवी पारदर्शक. मी जुनी डबी पिशवीतून काढून दाखवली. म्हटलं, कपडे बदललेत फक्त. एक अक्षर ऐकलं नाही, कुणाला ऐकू दिलं नाही, तुझी शपथ. टेप खराब झाल्याचं मात्र सांगितलं नाही. तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग करंड्यात बोट बुडवलं आणि नव्या डबीला कुंकू लावलं. मी किंचाळायची बाकी होते.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. अक्षता, केळवणं, मुलीचे ब्लाउज, आणि माझ्या पर्समध्ये तो पेन ड्राइव्ह. दर थोड्या वेळाने मी पर्स चाचपून बघे. माझा नवरा म्हणाला, "दागिन्यांची एवढी काळजी घेतली असतीस तर बरं." मुलगी म्हणाली, "आई, इतकं टेन्शन नको ना घेऊ. नाही चाललं तर नेटवरचं एखादं हळदीचं गाणं लावू, बीटवालं." मी तिला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हळदीच्या सकाळी मांडव सजला. खांबांना केळी बांधल्या, उंबराची फांदी लागली, बायका जमल्या. मुलगी पाटावर बसली. दादाने भाड्याच्या स्पीकरला पेन ड्राइव्ह लावला. आई समोर बसली होती, नवं लुगडं, गळ्यावर पांढराशुभ्र फडका, हातात हळदीची वाटी. मी दादाला मान हलवून खूण केली.

आधी नुसती खरखर. मग एक कोंबडा आरवला, त्या वेळचा. बायका हसल्या. आणि मग माझी आई गायला लागली.

मी काय सांगू! तो आवाज मी विसरले होते. मला वाटलं होतं मला आठवतो. पण मला आठवत होता तो म्हातारपणीचा, खोकलणारा. हा चाळिशीच्या बाईचा आवाज होता, भरलेला, थोडा नाकातला, कुणाला न घाबरणारा. आळीतल्या म्हाताऱ्यांनी पदर तोंडाला लावले. मांडवातल्या बायका पहिल्या कडव्यांना आपोआप साथ द्यायला लागल्या. आई स्वतःच्या आवाजावर स्वतःचे ओठ हलवत होती आणि नातीच्या गालाला हळद लावत होती. माझी मुलगी रडत होती, बीट विसरून.

मग बायका थांबल्या. स्पीकरमधल्याही आणि मांडवातल्याही. श्वास घेतल्याचा आवाज आला. आई एकटी म्हणाली:

*वाडीतल्या केळीला गं आला पहिला...*

आणि आवाज जाड झाला. घोगरा, पुरुषी, मग बैलाच्या हंबरण्यासारखा, मग काहीच नाही. दादाने स्पीकरवर चापट मारली. मी त्याला म्हटलं, राहू दे, पुढे नाहीये.

नवरीला हळद लागत असताना गाणं अर्धं तुटलं, हे म्हाताऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला वाटलं आता आई मला जाळून टाकेल डोळ्यांनी. तिने टाळी वाजवली. हाताची हळद उडाली. मी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, सावकाश, दादालाही कळावेत असे.

"ते तुजा होता. हिचा तू म्हन."

मी मान हलवली, येत नाही. तिने पुन्हा टाळी वाजवली. माझा हात धरून वाटीत बुडवला आणि मुलीच्या गालावर ठेवला. ओलसर, गार हळद, खाली मुलीचा तापलेला गाल. आता काहीतरी म्हणणं भागच होतं. मी तोंड उघडलं. काही रचलेलं नव्हतं. तोंडात आलं ते म्हटलं, आळीतल्या चालीवर, फाटक्या गळ्याने:

*तिसऱ्या गं मजल्यावर टँकरचं पाणी,*
*त्यात वाढविली माझी एकली राणी.*
*आजीला नाही गळा, आईला नाही सूर,*
*हळद लावूनी लेक धाडिते मी दूर.*

"बोरिवली!" मागून कोणीतरी म्हणालं आणि मांडव हसला. टँकरच्या पाण्याचं कडवं आमच्या घरात आजवर कुणी म्हटलं नसेल. मुलगी हळदीच्या तोंडाने माझ्या कुशीत शिरली आणि माझ्या साडीची वाट लागली. मी सुटले होते, आणि तरी आत कुठेतरी तुटल्यासारखं झालं होतं. केळीला पहिलं काय आलं, ते मला कळलं नव्हतं.

जेवणं उरकल्यावर आई मांडवातच खांबाला टेकून बसली होती. मी तिच्या पायाशी बसले आणि फुलपाड्यात काय झालं ते सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. मी म्हटलं, "आई, आता मांडव आहे. हळद आहे. ते कडवं तू नुसते ओठ हलवून म्हण. मी वाचते."

ती सरळ बसली. ओठ उघडले, मिटले. "वाडीतल्या केळीला गं..." इथपर्यंत मला वाचता आलं. मग ती थांबली. मी म्हटलं, "लोंगर? केळीचा पहिला घड आला?" तिने मान हलवली, नाही. "कोंब? बहर?" नाही. ती वर मांडवाच्या छताकडे बघत होती, कपाळाला आठ्या घालून. मग हात उडवला.

"नाय आठवत."

"अगं, तूच रचलं होतंस!"

"कॅसेट होती ना," ती म्हणाली.

मला हसूही आलं आणि धाय मोकलून रडूही आलं. तीही हसली, गळ्यावरचा फडका फडफडला. इतकी वर्षं ते कडवं आम्ही दोघींनी कॅसेटकडे सांभाळायला दिलं होतं आणि निर्धास्त झालो होतो. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. मला माझ्या आईचा फार राग आला होता आणि ती फार हवी होती, आत्ता, गाणारी.

मुलगी मोबाइल घेऊन आली. म्हणाली, "आई, तुझं कडवं मी रेकॉर्ड केलंय. ग्रुपवर टाकू? ड्राइव्हला पण ठेवते, दोन कॉपी." आईने टाळी वाजवली. मोबाइलकडे बोट दाखवून हात झटकला, मग बोट माझ्या तोंडाकडे, मग वर मांडवाकडे. मांडव आहे तोवर म्हण.

मी म्हटलं. घसा बसला होता, तरी म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती, जशी मी दोन वर्षं तिच्या तोंडाकडे बघत आले. संपलं की बोट फिरवायची, पुन्हा. मी पुन्हा म्हणायची. मुलगीही शेजारी बसून म्हणायला लागली. दादा सतरंज्या गोळा करत होता, तो थांबून ऐकायला लागला. होता होता एका खेपेला मी टँकरच्या पाण्यापाशी अडखळले, आणि पाहिलं तर आईचे ओठ माझ्या पुढे निघून गेले होते.